पंप हवा खातो, पाइप मात्र कुठेच गळत नाही: कर्जतजवळच्या एका स्विमिंग पूलचं प्रकरण

दिवाळी आठ दिवसांवर आली होती, तेव्हा कर्जत-मुरबाड रस्त्यालगतच्या एका बंगल्याच्या मालकीणबाईंचा फोन आला. "दादा, पंप चालू असतो, तरी पाणी हिरवं पडतंय. जिथून पाणी परत येतं तिथून नुसता फेस येतो. दोघांनी बघून झालं. एकानं तर काठाची फरशी उखडून ठेवलीय. पाडव्याला सगळे घरी येणार आहेत, काय करू?"

मी विचारलं, "पंपाच्या पारदर्शक झाकणातून पाणी पूर्ण भरलेलं दिसतं का?" त्या म्हणाल्या, "अर्धंच दिसतं. आणि खळखळत असतं." म्हणजे पंप हवा घेत होता, एवढं फोनवरच कळलं. कुठून घेतो, ते शोधायला मला दीड दिवस लागला. त्यातला अर्धा दिवस तर आधीच्या लोकांनी करून ठेवलेल्या कामामुळे गेला.

तलाव तसा लहान. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे ६५ हजार लिटर पाणी. एक हॉर्सपॉवरचा सेल्फ-प्रायमिंग, म्हणजे खालचं पाणी स्वतः उचलणारा पंप आणि ५०० मिलिमीटरचा सँड फिल्टर. तासाला ११ हजार लिटरच्या आसपास पाणी फिरलं, की सहा तासांत सगळा तलाव एकदा गाळून निघतो. ओढायच्या लाइन दोन: एक स्किमरची, म्हणजे वरवरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या तोंडाची, दुसरी तळातल्या दोन मेन ड्रेनची, म्हणजे जाळी लावलेल्या तोंडांची. दोन्ही ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या. पंपाच्या शेडमध्ये आल्यावर दोघींना एकेक बॉल व्हॉल्व्ह आहे, त्यापुढे त्या एकत्र होतात आणि दीड मीटरचा सामाईक पाइप पंपाच्या तोंडाला जातो.

शेड उताराच्या वरच्या अंगाला बांधलेली. त्यामुळे पंपाचं तोंड तलावातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा साधारण ६० सेंटिमीटर वर. पंप पातळीच्या खाली असता तर बंद केल्यावर ओढायच्या बाजूची फट ठिबकली असती आणि ओली जागा दाखवून गेली असती. इथे पंप वर, म्हणून ती बाजू चालू असताना काय किंवा बंद असताना काय, बाहेरून कोरडी ठणठणीत. चालू असताना त्या पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. फट असली तर पाणी बाहेर येणार नाही, हवा आत जाणार. बंद केल्यावरही त्याच फटीतून हवा आत शिरते, पाइपातलं पाणी तलावाकडे उतरून जातं आणि सकाळी पंपाला पुन्हा शून्यापासून पाणी उचलावं लागतं. बंगल्याचं सगळं बघणारे मामा सांगत होते, की रोज सकाळी झाकण उघडून दोन बादल्या पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी पकडतच नाही. गळतीच्या शोधात ओली जागा हुडकणारा माणूस अशा ठिकाणी हमखास फसतो.

आधीच्या दोघांनीही खरं काम केलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. जूनमध्ये आलेल्या पहिल्यानं पंपाच्या मागून ठिबकणारं पाणी पाहिलं, मेकॅनिकल सील, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी अडवणारा भाग, बदललं. ते सील खरंच जळालेलं होतं. ऑक्टोबरमध्ये आलेल्या दुसऱ्यानं झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, नवी घातली आणि सामाईक पाइपाच्या प्रत्येक जोडावर एम-सीलचा जाड थर दिला. मग त्यानं व्हॉल्व्हची परीक्षा घेतली. स्किमर बंद करून नुसत्या मेन ड्रेनवर पंप चालवला, तर बुडबुडे फारसे वाढले नाहीत. मेन ड्रेन बंद करून नुसत्या स्किमरवर चालवला, तर झाकणाखाली पांढरा फेस. त्याने निष्कर्ष काढला, की स्किमरची लाइन जमिनीत फुटली आहे. म्हणून फरशी उखडली आणि चार फूट पाइप उघडा केला. पाइप धडधाकट निघाला. पुढची फरशी काढायला ताईंनी नकार दिला, तेव्हा माझा नंबर लागला.

ही व्हॉल्व्हची परीक्षा आमच्या धंद्यात सगळेच करतात. मीही करतो. पण तिच्यात एक खोच आहे. कुठलाही व्हॉल्व्ह बंद केला की पंपाच्या तोंडाशी ओढ वाढते. ओढ वाढली की सामाईक भागात असलेली फट जास्त हवा खाते. म्हणजे दोष व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंपाजवळ असला तरी बुडबुडे वाढतात आणि बोट पलीकडच्या लाइनकडे दाखवलं जातं. बुडबुडे किती, एवढंच पाहून हे उलगडत नाही. ओढ किती आहे, ते मोजावं लागतं.

मोजायचं साधन महाग नाही. ० ते ७६० मिलिमीटर पारा अशा खुणांचं व्हॅक्यूम गेज असतं. बहुतेक पंपांच्या जाळीच्या भांड्याला तळाशी पाणी काढायचा प्लग असतो, तो काढून तिथे गेज बसवता येतं. वाचायचं कसं, तेही अवघड नाही: १ मिलिमीटर पारा म्हणजे १३.६ मिलिमीटर पाणी. आपलं ६० सेंटिमीटरचं चढण म्हणजे ४४ मिलिमीटर पारा. त्यात पाइप, एल्बो, जाळी यांच्या घर्षणाची भर पडली, की अशा तलावाला सगळं नीट असताना १०० ते १५० वाचन यावं. काटा खूप वर गेला तर पाणी यायची वाट तुंबली आहे. काटा खाली पडून थरथरत असेल तर वाटेत हवा शिरते आहे, किंवा पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चक्रच तुंबलंय नाहीतर झिजलंय. दोन्ही आजारांत तलावातून बघणाऱ्याला दिसतं ते एकच: पाणी कमी येतंय.

प्लग काढायच्या आधी एक काम. पंप बंद करून मेन स्विच पाडला आणि फिल्टरच्या डोक्यावरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. चांगला मिनिटभर हिस्स आवाज येत राहिला. फिल्टरच्या टाकीत कोंडलेली हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि सैल पडलेलं झाकण ती जोरानं उडवू शकते. हवा खाणाऱ्या पंपाच्या फिल्टरला हात लावण्याआधी हा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये. मामांना मी ते दोनदा करून दाखवलं.

दुसरं काम तलावावर. त्या दिवशी शेजारच्या बंगल्यातली दोन मुलं काठावर पाय सोडून बसली होती. व्हॉल्व्हची परीक्षा घेताना स्किमर बंद केला की पंपाची सगळी ओढ तळातल्या जाळ्यांवर येते. जाळीवर लहान मुलाचं पोट, पाठ किंवा केस अडकले तर मोठ्या माणसालाही ते ओढून काढता येत नाहीत. अमेरिकेत अशा दुर्घटनांनंतर २००७ साली खास कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांच्या ड्रेनवर सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. इथे दोन ड्रेन आहेत ही चांगली गोष्ट, एक झाकला गेला तर दुसरा ओढ वाटून घेतो. पण एका जाळीचा स्क्रू निघालेला होता. मुलांना बाहेर काढलं, मामांना काठावर उभं केलं आणि चाचणी संपेपर्यंत कोणी पाण्यात उतरणार नाही असं बजावलं. जाळी त्याच संध्याकाळी बसवली.

आता वाचनं. आधी पाण्याची पातळी पाहिली. ती स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर होती, तोंडातली झडपही मोकळी हलत होती, म्हणजे स्किमरमधून भोवऱ्यानं हवा येत नव्हती. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना गेजवर १२० आलं. नुसता मेन ड्रेन, १५०. नुसता स्किमर, ३६०.

इथे मी थांबलो. स्किमरची लाइन फुटून हवा खात असती, तर वाचन पडायला हवं होतं, कारण पंपाला पाण्याऐवजी हवा सहज मिळाली असती. हे तर दुपटीहून जास्त चढलं. ३६० मिलिमीटर पारा म्हणजे जवळजवळ ४.९ मीटर पाण्याची ओढ. ती लाइन फुटलेली नव्हती, तुंबलेली होती. आणि बुडबुडे? ते दुसरीकडून येत होते आणि तुंबलेल्या लाइनमुळे ओढ वाढली की उसळत होते. दोन दोष एकमेकांच्या आड बसले होते. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतानाचं १२० हे वाचनही त्यामुळेच फसवं: तुंबलेली लाइन काटा वर ढकलत होती, हवा तो खाली ओढत होती, आणि आकडा निरोगी तलावासारखा दिसत होता. नुसतं ते पाहून मी निघून गेलो असतो तर ताईंना चौथा माणूस बोलवावा लागला असता.

मग शेवटची चाचणी, जी फक्त चार-पाच सेकंद करायची: पंप चालू ठेवून दोन्ही व्हॉल्व्ह बंद. धडधाकट पंपाचा काटा इथे साडेपाचशेच्या पुढे जातो. आमचा ४१० ला जाऊन थरथरत राहिला आणि झाकणाखालचे बुडबुडे चालूच राहिले. तलावाकडच्या दोन्ही वाटा बंद, तरी हवा येतेच आहे. म्हणजे दोष व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामधल्या दीड मीटरमध्ये. जमीन खणायचा प्रश्नच मिटला.

दीड मीटरमध्ये संशयित किती? झाकणाची ओ-रिंग, दोन व्हॉल्व्हचे दांडे, एक टी, एक एल्बो, एक युनियन (सोडता येणारा जोड) आणि पंपाच्या तोंडात आट्यांवर बसलेला मेल अ‍ॅडॅप्टर, म्हणजे पाइप पंपाला जोडणारा बाहेरून आटे असलेला तुकडा. उदबत्तीचा धूर जोडाशी धरला की फटीकडे ओढला जातो, तो उपाय मी आधी करून पाहिला. पण शेडमध्ये वारा खेळता होता, धूर कुठेही जात होता. मग मगानं एकेका जोडावर संथ धार धरली. जिथे फट आहे तिथे क्षणभर हवेऐवजी पाणी आत जातं आणि झाकणाखालचे बुडबुडे तेवढ्यापुरते थांबतात. झाकण, दांडे, युनियन, कशानेच फरक पडेना. पंपाच्या तोंडावर धार धरली तेव्हा बुडबुडे किंचित कमी झाल्यासारखे वाटले. वरून धरलेली धार जोडाच्या पोटाखाली पोचत नव्हती.

माझ्या पिशवीत दाढीचा फेस कायम असतो. बोटावर घेऊन तो अ‍ॅडॅप्टरच्या खालच्या बाजूला, एम-सीलच्या कडेला लावला आणि आरसा धरला. पंप चालू केला. फेस पाच-सहा सेकंद तसाच होता. मग एका जागी खळी पडली, खळीचं भोक झालं, आणि कडेचा फेस त्या भोकात सरकू लागला. मामा आरशात डोकावून म्हणाले, "पितोय बघा कसा!" भोक मोहरीपेक्षा मोठं नव्हतं. एम-सीलला तिथे केसाएवढी चीर गेली होती. पंपाच्या थरथरीनं असा कडक थर आज ना उद्या तडकतोच. आत नेमकं काय बिघडलंय ते मात्र त्याच्याखाली झाकून गेलं होतं.

पाइप कापून अ‍ॅडॅप्टर सोडवायला पाना लावावा लागेल असं वाटलं होतं. एम-सील ठोकून काढल्यावर तो हातानंच फिरून बाहेर आला. उजेडात धरला तर टोकाचे आटे गुळगुळीत आणि चकाकणारे, तोंड गोल नव्हतं, थोडं लांबट झालेलं. दुकानातून आणलेला नवा अ‍ॅडॅप्टर त्याच तोंडात टेफ्लॉनशिवाय बसवून पाहिला, तो चार फेऱ्यांनंतर घट्ट झाला. जुना शेवटपर्यंत सैलच जात होता. प्लास्टिक आक्रसलं होतं, आणि ते उष्णतेशिवाय होत नाही.

पीव्हीसी पाइप ६० अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्यासाठी नसतो. त्याच्या बऱ्याच वर गेलं की तो मऊ पडतो. तलावाच्या पाण्याला एवढी उष्णता येणार कुठून? एकाच मार्गानं: पंप कोरडा चालला. पाणी येणं थांबलं की भांड्यात उरलेलं थोडं पाणी इम्पेलर तसंच घुसळत राहतो, सीलचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, आणि भांड्यातलं पाणी तापत जातं. ती ऊब थेट तोंडातल्या प्लास्टिकच्या आट्यांना लागते. जूनमध्ये जळालेलं सील निघालं होतं ते याच कोरड्या चालण्याचं अपत्य.

मी मामांना विचारलं, "मामा, मधे कधी पाणी उतरवलं होतं का?" ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एप्रिलात टाइल निघाल्या व्हत्या आतल्या. पाणी खाली केलं. पंप टायमरवर व्हता, ते ध्यानातच नाय राहिलं. पहाटे शेडमधून जळका वास येत व्हता, मी जाऊन बंद केला. पण चालू केला तर चालला, म्हणून कुणाला बोललो नाय." मी त्यांना म्हटलं, तुम्ही आज सांगितलंत म्हणून सहा महिन्यांचं कोडं सुटलं. खरंच तसं होतं. टायमर बंद करायला सांगणं हे टाइलवाल्याचं आणि त्याला काम देणाऱ्याचं काम होतं.

एप्रिलचं ऐकल्यावर स्किमरच्या लाइनकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. टाइलचं काम करताना स्किमरची बास्केट काढून ठेवली होती का? होती. म्हणजे आठवडाभर त्या पाइपाचं तोंड सताड उघडं होतं. पंपाकडून उलटं पाणी मारायचं ठरवलं. नळीच्या टोकाला लावायची रबरी पिशवी मिळते, पाण्यानं फुगून ती पाइपात घट्ट बसते आणि मग पुढे धार सोडते. कॉम्प्रेसरची हवा मी अशा लाइनमध्ये कधीच घालत नाही. पीव्हीसी फुटला तर हवेमुळे त्याचे तुकडे उडतात. दोन-तीन झटक्यांत स्किमरच्या तळातून काळपट पाणी आलं, मग ग्राउटचे वाटाण्याएवढे खडे, आणि शेवटी मुठीएवढा फोमचा तुकडा. टाइलच्या सांध्यांवरचं ग्राउट पुसायला वापरतात तो. सहा महिने एल्बोत बसून त्याच्याभोवती पानांचा आणि चिखलाचा गोळा धरला होता.

पंपाच्या तोंडाला शेड्यूल ८० चा जाड अ‍ॅडॅप्टर आणि त्याला लागून युनियन बसवलं. आट्यांच्या दिशेनं टेफ्लॉनचे सहा फेरे, हातानं घट्ट आणि वर पान्याची एकच फेरी. जास्त आवळलं तर पंपाचं प्लास्टिकचं तोंड तडकतं, मग नवा पंपच आणावा लागतो. झाकणाच्या ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीस लावलं. आधी तिथे व्हॅसलिन चोपडलेलं होतं, आणि रबर ईपीडीएम जातीचं असेल तर ते व्हॅसलिननं फुगतं. पीव्हीसी चिकटवायच्या सोल्युशनचे जोड रात्रभर सुकू दिले. सामान सगळं मिळून हजार रुपयांच्या आत आलं. उखडलेल्या फरशीचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता.

सकाळी पंप चालू केला. दोन मिनिटांत भांडं भरलं, झाकण काचेसारखं स्वच्छ. दोन्ही व्हॉल्व्हवर ११०, नुसत्या ड्रेनवर १५०, नुसत्या स्किमरवर १७०, सगळं बंद करून ६१०. फिल्टरवरचा काटा, जो आदल्या दिवशी ०.३ आणि ०.५ बारच्या मध्ये नाचत होता, तो ०.८ वर स्थिर. तरी गेज काढून प्लग परत बसवल्यावर झाकणाखाली बुडबुड्यांची एक बारीक माळ दिसू लागली. प्लगची छोटी ओ-रिंग घाईत मी लादीवर ठेवून विसरलो होतो. ती घातली, माळ थांबली.

ताईंना दोन गोष्टी बसवून घ्यायला सांगितल्या. एक ड्राय-रन प्रोटेक्टर: पाणी नसताना मोटरचा करंट पडतो, ते ओळखून तो पंप तोडतो. आणि दुसरं, एक कायमचं व्हॅक्यूम गेज. पाणी साफ व्हायला क्लोरीन आणि सलग फिल्टर मिळून तीन दिवस लागले, पाडव्याआधी तळातल्या टाइलचे सांधे दिसायला लागले.

मामांनी शेडच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि वाचन लिहायला सुरुवात केली आहे. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "दादा, आज एकशे साठ दावतोय." मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "बास्केट काढून बघतो, आंब्याची पानं लय पडलीत." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. एकशे दहा.